रस्ता कोणाच्या मापानें मोजावा?

वाण्याच्या दुकानांतल्या वजनावर सरकारी छाप आहे कीं नाहीं, हें चोखंदळ गृहिणी पाहून घेते. कापड मोजतांना दुकानदाराची पट्टी घसरली तर आपण त्याला दोन शब्द ऐकवतों. परंतु ज्या मापानें आपल्या शहरांतला रस्ता मोजला जातो, आणि कोणता रस्ता रुंद करावयाचा, कोठें पूल बांधावयाचा, कोठला पदपथ कापावयाचा हें ज्या मापावरून ठरतें, त्याची चौकशी आपण सहसा करीत नाहीं. किंबहुना असें कांहीं ठराविक माप असतें, हेंच पुष्कळांस ठाऊक नसतें. 'त्या चौकांत वाहतुकीची फार कोंडी होते' हें वाक्य आपण ऐकतों आणि मान डोलावतों. कोंडी कोणाची, ती मोजली कोणीं, आणि मोजतांना कोणास जमेस धरलें व कोणास वगळलें, हे प्रश्न आपल्या मनांत येत नाहींत.

आजच्या भाषणांत ह्या मापाविषयींच बोलावयाचें आहे. माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, शहरानें वाहतुकीचें माप निवडलें म्हणजे रस्त्यासंबंधींचा अर्धा निर्णय तेथेंच होऊन जातो. पुढची मोजणी कितीहि चोख झाली, तरी त्या निर्णयाचें तोंड सहसा फिरत नाहीं. म्हणून माप निवडणें हें केवळ तज्ज्ञांचें काम नव्हे. तें नागरिकांचेंहि काम आहे.

हें माप आलें कोठून तें प्रथम पाहूं. अमेरिकेंत मोटारींचा प्रसार झपाट्यानें झाला, तेव्हां एखाद्या रस्त्यावरून तासाला किती वाहनें जाऊं शकतात ह्याचा शास्त्रशुद्ध हिशेब करण्याची गरज तेथील स्थापत्यशास्त्रज्ञांना भासूं लागली. त्यांतून १९५० सालीं 'हायवे कपॅसिटी मॅन्युअल' हा रस्त्यांच्या धारणशक्तीविषयींचा ग्रंथ तयार झाला. १९६५ सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली, व तींत 'सेवेची पातळी' ही कल्पना मांडण्यांत आली. शाळेच्या प्रगतिपुस्तकांत मुलांना श्रेणी देतात, तशा रस्त्याला सहा श्रेणी: ए, बी, सी, डी, ई आणि एफ. ए म्हणजे मोकळा रस्ता, एफ म्हणजे वाहनांची तुंबलेली रांग. पुढील आवृत्त्यांत सिग्नलच्या चौकांसाठीं ह्या श्रेणी सेकंदांत बांधून देण्यांत आल्या. चौकांत येणाऱ्या दर वाहनाचा सरासरी खोळंबा १० सेकंदांपर्यंत असला तर चौक ए श्रेणीचा. २० पर्यंत बी, ३५ पर्यंत सी, ५५ पर्यंत डी, ८० पर्यंत ई, आणि त्यापुढें एफ.

ह्या मापाचा गुण नाकारतां येत नाहीं. तें सोपें आहे. दोन चौकांची, दोन वर्षांची तुलना त्यानें चटकन होते. आणि ज्या मोकळ्या महामार्गांसाठीं मुळांत हा विचार सुरू झाला, तेथें मोटारीखेरीज दुसरें कोणी फारसें नसल्यामुळें वाहनाचा खोळंबा हाच प्रवाशाचा खोळंबा, असें मानण्यांत मोठी चूक होत नव्हती. अडचण सुरू झाली ती हें माप शहरांत आल्यावर. शहरांतल्या रस्त्यावर मोटार असते, तशीच बस असते, सायकल असते, मालाचा टेंपो असतो, आणि सर्वांत अधिक म्हणजे पायीं चालणारीं माणसें असतात.

एक साधें गणित करून पाहूं. आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. एका चौकांत दहा मोटारी येतात, दर मोटारींत एक माणूस. आणि एक बस येते, तींत पन्नास माणसें. सिग्नल अशा रीतीनें लावला आहे कीं मोटारी दहा दहा सेकंद थांबतात व बस साठ सेकंद थांबते. दर वाहनामागें सरासरी काढली तर ती येते सुमारें साडेचौदा सेकंद. म्हणजे चौक बी श्रेणींत उत्तीर्ण! पण दर माणसामागें सरासरी काढा: ती येते जवळजवळ ५२ सेकंद, म्हणजे श्रेणी डी. आतां सिग्नल बदलूं. बस दहा सेकंद थांबेल व मोटारी चाळीस सेकंद थांबतील असें करूं. वाहनांच्या हिशेबानें सरासरी सुमारें ३७ सेकंद होऊन चौक डी श्रेणींत घसरतो. माणसांच्या हिशेबानें ती अवघी १५ सेकंद होऊन चौक बी श्रेणींत चढतो. चौक तोच, माणसें तींच, घड्याळ तेंच. केवळ भाजक बदलला, आणि सुधारणेची बिघाड झाली व बिघाडाची सुधारणा झाली. कडेला रस्ता ओलांडण्यासाठीं उभा असलेला पादचारी तर ह्या वाहनांच्या हिशेबांत मुळींच आला नाहीं. मोटारींचा हिरवा दिवा जितका लांबेल, तितका त्याचा ताटकळण्याचा वेळ वाढेल. पण प्रगतिपुस्तकांत त्याची नोंद कोठेंच होणार नाहीं.

ह्या मापाचा दुसरा दोष अधिक खोल आहे. समजा, शहराच्या मध्यभागीं, बसच्या थांब्याजवळ, शंभर घरांची इमारत बांधावयाची आहे. मध्यभागांतले चौक आधींच भरलेले असतात. त्यांत थोड्या मोटारींची भर पडली कीं श्रेणी घसरते, व दोष त्या इमारतीच्या माथीं येतो. तींच शंभर घरें गांवाबाहेर माळावर बांधलीं तर तेथील चौक रिकामे असल्यामुळें श्रेणी जागची हालत नाहीं. वास्तविक माळावरच्या रहिवाशाला दुधापासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक कामासाठीं मोटार काढावी लागते. एकूण शहरावर पडणारा भार त्याचाच अधिक. पण माप चौकापुरतें पाहतें, प्रवास पाहत नाहीं. म्हणून तें मध्यभागांतल्या घराला नापास करतें आणि माळावरच्या घराला पास करतें. नापास झालेल्यावर उपायहि दोनच सुचतात: रस्ता रुंद करा, नाहीं तर इमारत लहान करा. जील ड्यूरान्तों व मॅथ्यू टर्नर ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं २०११ सालीं अमेरिकन शहरांच्या अभ्यासावरून दाखवून दिलें कीं, महामार्गांची लांबी ज्या प्रमाणांत वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणांत मोटारींचें धावणेंहि वाढतें. म्हणजे रुंद केलेला रस्ता पुन्हां भरतो, आणि माप पुन्हां तोच उपाय सुचवितें.

ह्या सगळ्याचा प्रत्यक्ष अनुभव घेतला तो अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहरानें. कॅलिफोर्निया राज्यानें १९७० सालीं पर्यावरणाच्या रक्षणासाठीं कायदा केला. मोठ्या प्रकल्पाला संमति देण्यापूर्वीं त्याचे पर्यावरणावर होणारे दुष्परिणाम तपासून प्रसिद्ध करावेत, असा त्याचा आशय. दुष्परिणामांच्या यादींत वाहतूक आली, आणि वाहतूक मोजण्यासाठीं हातीं आयतें माप होतें तें मोटारींच्या खोळंब्याचें. एखाद्या प्रकल्पामुळें चौक डी श्रेणींतून ई किंवा एफ श्रेणींत उतरला तर तो पर्यावरणावरील लक्षणीय दुष्परिणाम, असें ह्या शहरांत मानलें जाऊं लागलें.

गंमत अशी कीं, ह्याच शहरानें १९७३ सालीं सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम देण्याचें धोरण जाहीर केलें होतें. धोरण म्हणत होतें, बसला आणि ट्रॅमला प्रथम वाट द्या. माप म्हणत होतें, मोटारीला थांबवाल तर खबरदार! धोरण आणि माप ह्यांची अशी फारकत झाली म्हणजे कचेरीच्या रोजच्या कामांत जिंकतें तें माप. कारण धोरण भिंतीवर टांगलेलें असतें, आणि माप टेबलावर असतें.

ह्या फारकतीची किंमत सायकलवाल्यांनीं मोजली. शहरानें सायकलींसाठीं आराखडा केला; परंतु त्याचा पर्यावरणविषयक अभ्यास झालेला नाहीं, ह्या मुद्द्यावर प्रकरण न्यायालयांत गेलें. २००६ सालीं न्यायालयानें मनाईहुकूम काढला, आणि नव्या सायकलपट्ट्या आंखण्याचें काम बंद पडलें. सायकलींना जागा दिल्यानें मोटारी कोणत्या चौकांत किती सेकंद अधिक थांबतील ह्याचे हिशेब करावे लागले. मनाई पूर्णपणें उठली ती २०१० सालीं. हवा स्वच्छ राखण्यासाठीं केलेल्या कायद्याचा आधार घेऊन धूर न सोडणारें वाहन चार वर्षें अडवून ठेवतां आलें! येथें कायद्याचा हेतु खोटा नव्हता, न्यायाधीशानें नियमहि मोडला नव्हता. जें माप कायद्याच्या हातीं देण्यांत आलें, त्याचें हें फळ होतें.

अखेर २०१३ सालीं राज्याच्या विधिमंडळानें नवा कायदा करून मोटारींचा खोळंबा हा पर्यावरणाचा प्रश्न म्हणून मोजणें थांबविण्याची वाट मोकळी केली. ३ मार्च १९१६ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे ३ मार्च २०१६ रोजीं, सॅन फ्रान्सिस्कोच्या नगररचना आयोगानें जुनें माप सोडलें व नवें स्वीकारलें. राज्याच्या नियमावलींत हा बदल डिसेंबर २०१८ मध्यें आला, आणि १ जुलै २०२० पासून तो राज्यभर लागू झाला. नव्या मापाला आपण 'वाहन-मैल' म्हणूं. नव्या इमारतींतले रहिवासी किंवा नोकर दर डोईं दर दिवशीं मोटारीनें किती मैल धांवतील, हें त्यांत पाहतात. राज्याच्या मार्गदर्शक टिपणांत अशी शिफारस आहे कीं, घरांच्या व कचेऱ्यांच्या बाबतींत हा आंकडा चालू सरासरीपेक्षां शेंकडा १५ नें कमी असावा. आतां त्या दोन इमारतींकडे पुन्हां पाहा. मध्यभागांतला रहिवासी पायीं किंवा बसनें कामें उरकतो, म्हणून त्याचे मैल कमी, माळावरच्याचे अधिक. पास आणि नापास ह्यांची अदलाबदल झाली. घरें बदललीं नाहींत, माणसें बदललीं नाहींत, माप बदललें.

परंतु नवें माप म्हणजे सर्व रोगांवर एकच मात्रा, असें समजूं नये. वाहन-मैल रस्त्यावर उभें राहून मोजतां येत नाहींत; ते बव्हंशीं गणिती नमुन्यांवरून अंदाजावे लागतात. शिवाय शाळेसमोरचा रस्ता मूल सुखरूप ओलांडूं शकेल कीं नाहीं, हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोनें बसचा खोळंबा, पादचारी व सायकलस्वार ह्यांना होणारा धोका, रुग्णवाहिका व अग्निशामक बंब ह्यांची वाट, मालाची चढउतार, ह्यांची तपासणी वेगळी चालू ठेविली आहे. एका फुटपट्टीनें उंची मोजतां येते, ताप मोजतां येत नाहीं. तसेंच हें आहे.

हा सगळा परक्या देशाचा कारभार, आपल्याला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. पण तीं सहा इंग्रजी अक्षरें आपल्याकडेहि आलेलीं आहेत. १९३४ सालीं स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस ह्या संस्थेनें १९९० सालीं शहरांतील रस्त्यांच्या धारणशक्तीविषयीं मार्गदर्शिका काढली, तींत ए ते एफ ह्याच श्रेणी आहेत. आपल्या रस्त्यावर नाना तऱ्हेचीं वाहनें एकत्र चालतात, म्हणून त्यांची बेरीज करण्यासाठीं मोटार हें एकक धरलें आहे. त्या कोष्टकांत मोटार म्हणजे १, सायकल ०.४ ते ०.५, बस २.२ ते ३.७, हातगाडी २ ते ३. वाहन रस्त्याची किती जागा अडवितें आणि इतरांच्या गतीला किती बाध आणतें, हें सांगण्यापुरतें हें कोष्टक उपयुक्त आहे, व त्या मर्यादेंत तें चूक म्हणतां येणार नाहीं. पण तें जागा सांगतें, माणसें सांगत नाहीं. पन्नास उतारूंची बस येथें फार तर पावणेचार मोटारींबरोबर तोलली जाते. दर मोटारींत दोन माणसें धरलीं तरी एका पारड्यांत पन्नास आणि दुसऱ्यांत सात-आठ! पादचाऱ्याला तर ह्या कोष्टकांत घरच नाहीं.

ह्या दोन मापांची उघड झुंज दिल्लींत झाली. एप्रिल २००८ मध्यें आंबेडकरनगर ते मूलचंद ह्या मार्गावर रस्त्याच्या मध्यभागीं बससाठीं राखीव पट्टे करण्यांत आले. उरलेल्या पट्ट्यांत मोटारींच्या रांगा वाढल्या, व तक्रारी सुरू झाल्या. मार्गांत खरोखरीचे दोषहि होते. चौकांतले सिग्नलचे फेरे फार लांब होते. २०१२ सालीं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढें आलें. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचा अहवाल राखीव पट्ट्यांना प्रतिकूल होता. तरीहि ऑक्टोबर २०१२ मध्यें न्यायालयानें याचिका फेटाळली. रस्त्यावर वाहनें किती ह्यापेक्षां त्यांतून माणसें किती जातात, हा मुद्दा तेथें पुढें आला. पण मार्ग टिकला नाहीं. २०१५ सालीं दिल्ली सरकारनें तो मोडण्याचें ठरविलें, आणि २०१६ सालीं पट्टे उखडण्यास आरंभ झाला. त्या वादांत एक पक्ष वाहनें मोजीत होता आणि दुसरा माणसें मोजीत होता. मार्ग बांधण्यापूर्वींच यशाचें माप ठरवून जाहीर केलें असतें, तर निदान वाद कशाविषयीं आहे हें तरी लोकांना कळलें असतें.

आपल्याकडे योग्य तत्त्वांची वाण आहे असें मात्र नाहीं. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानें रस्त्याची जागा वांटतांना वाहनांऐवजीं माणसांकडे पाहावें, असें स्पष्ट सांगितलें आहे. २००९ सालीं केंद्रीय नगरविकास मंत्रालयानें शहरांच्या वाहतुकीसाठीं दहा बाबींचे मानदंड घालून दिले. त्यांत मोटारींचा वेग ही एक बाब आहे, पण त्याबरोबर सार्वजनिक वाहतूक, पदपथ, सायकली, अपघात व प्रदूषण ह्यांनाहि स्वतंत्र स्थान आहे. पदपथावर निदान १.८ मीटर रुंदीची निर्वेध वाट असावी, असें रोड्स काँग्रेसचीच २०१२ सालची पादचाऱ्यांविषयींची मार्गदर्शिका म्हणते. पुणें महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचारी धोरण स्वीकारलें. म्हणजे आपल्या भिंतीवरहि धोरणें टांगलेलीं आहेत. प्रश्न आहे तो टेबलावरच्या मापाचा.

मग शहरानें आपलें माप ठरवावें तरी कसें? पहिली गोष्ट ही कीं, खोळंबा मोजावयाचाच तर तो दर माणसामागें मोजावा, आणि त्यांत कडेला ताटकळणारा पादचारीहि धरावा. दुसरी गोष्ट, प्रत्येक साधनाला त्याच्या प्रकृतीस अनुसरून माप लावावें. चालणाऱ्याला हवी असते रुंदी व सलग वाट; लंडनच्या वाहतूक संस्थेनें २०१० सालीं काढलेल्या मार्गदर्शिकेंत पदपथाच्या दर मीटर रुंदींतून मिनिटाला किती माणसें जातात, ह्यावरून चालण्याची सुखसोय ठरविली आहे. बसच्या उतारूला वेगापेक्षांहि नियमितपणा हवा असतो. मालवाहू गाडीला थांबावयास जागा हवी असते. ह्या सर्वांना 'वेग' ह्या एकाच कांट्यानें तोलणें म्हणजे मीठ आणि कापड एकाच मापटें घालून विकणें होय.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. केवळ माणसांचीं डोकीं मोजून भागत नाहीं. बहुमत मोजावयाचें ठरविलें तर एकट्या वृद्धेला रस्ता ओलांडावयाचा आहे, तिचें मत शंभरांत एक. ती नेहमींच हरेल. आणि जो रस्ता इतका धोक्याचा आहे कीं तेथें कोणी ओलांडण्याचें धाडसच करीत नाहीं, तेथें मोजणारा कारकून वहींत शून्य लिहील, व ओलांडण्याची सोय नको असा निष्कर्ष निघेल. म्हणून प्रत्येक साधनासाठीं हक्काची एक किमान पातळी असली पाहिजे, आणि तिच्या खालीं संख्येच्या बळावरहि कोणास ढकलतां येऊं नये. त्या पातळीच्या वर ज्याची संख्या अधिक, त्याला अग्रक्रम द्यावा.

आणि चौथी गोष्ट: सर्वांनाच सर्वत्र पहिली श्रेणी मिळणार नाहीं, हें मोकळेपणानें मान्य करावें. वीस मीटर रस्त्यांत पंचवीस मीटरांच्या सोयी मावत नाहींत. अमुक रस्त्यावर बस प्रथम, तमुक पेठेंत पादचारी प्रथम, अमुक मार्गावर माल प्रथम, असें शहरानें आधीं जाहीर करावें, मग मोजावें. मोजून झाल्यावर सोयीचें माप शोधण्याला मोजणी म्हणत नाहींत.

श्रोतेहो, महानगरपालिका रस्त्याची नवी योजना आंखते तेव्हां हरकती व सूचना मागविणारी नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत येते. ती वाचून आपण पान उलटतों, कारण तींतले आंकडे तज्ज्ञांचे आहेत असें आपल्याला वाटतें. पुढच्या खेपेस पान उलटण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारून पाहावेत. ह्या योजनेनें वाहतूक सुधारेल असें म्हटलें आहे, तें वाहनें मोजून कीं माणसें मोजून? चालणाऱ्याचा व बसच्या उतारूचा वेळ त्यांत धरला आहे काय? आणि पुढें दोन वर्षांनीं योजना फसली कीं साधली, हें कोणत्या आंकड्यावरून ठरविणार? ह्या प्रश्नांना स्थापत्यशास्त्र येण्याची गरज नाहीं. वाण्याच्या वजनावरची छाप पाहावयास जेवढें शहाणपण लागतें, तेवढें पुरे आहे.